गोदेच्या बापाचं नाव

"गोदा काय? नुसती गोदा? बापाचं नाव नाही तिला?"

"आहे की. पटावर लिहिलेलं आहे, मास्तर."

"मग वाचा!"

"वर्गात एकच गोदा आहे. हाक मारली की तीच उठते, दुसरी कोणी उठत नाही."

"चिमासुद्धा एकच आहे! राहीसुद्धा एकच! त्यांचं मात्र 'चिमा धाकू सुर्वे', 'राही धोंडू नार्वेकर' असं खणखणीत वाचलंत. दाराआड उभा होतो मी. गोदेपाशी आलात आणि आवाज असा गिळलात, जसा काही घशात काटा अडकला!"

बाबूमास्तरांनी हजेरीचा पट यमुनाबाईंच्या हातातून ओढून घेतला, ओसरीच्या कठड्यावर उघडा ठेवला आणि तिसऱ्या ओळीवर बोट टेकवलं.

"वाचा."

यमुनाबाईंनी त्या बोटाकडे पाहिलं. नखाला शाई लागली होती. बोटाखाली त्यांच्याच हातचं अक्षर होतं: 'गोदा रा. भाटकर'. बाकी सगळ्या मुलींच्या बापांची नावं पुरती लिहिलेली, या एकीच्या बापाचं एवढंच, पुढे टिंब.

"नाही वाचत," त्या म्हणाल्या.

"नऊ वर्षं!" मास्तरांनी पट मिटला. "नऊ वर्षं तुम्ही इथे विभक्ती शिकवता आहात. पुस्तकात पहिला शब्द राम. फळ्यावर पहिला शब्द राम. साऱ्या जिल्ह्यात पोरं 'राम, रामास, रामाने' म्हणत मोठी झाली. आणि आमच्या शाळेची बाई पट्टीनं फळा दाखवते आणि मुलींकडून म्हणवून घेते! मला वाटलं, पद्धत असेल. नवी काहीतरी पद्धत!"

"तुमच्या मंडळींचं नाव काय हो, मास्तर?"

"आं?"

"वीस वर्षं शेजारी राहते मी तुमच्या. वीस वर्षं ऐकते, 'अगं ए', 'अगं ऐकलंस का', 'कुठं गेलीस'. नाव काय त्यांचं?"

"त्याचा इथे काय संबंध?" मास्तरांचे कान लाल झाले. "मला माझ्या बायकोवर नमुन्याचा पाठ घ्यायचा नाहीये! सोमवारी शाळा तपासायला दिपोटी येतायत. ते फळ्यावर शब्द लिहितात, खडू खाली ठेवतात आणि म्हणतात, 'बाई, तुम्ही सांगा, मुली मागून म्हणतील.' मागल्या महिन्यात एका शाळेत बाई अडखळल्या, तर त्यांच्या जागी ट्रेनिंग झालेल्या दुसऱ्या बाई आल्या. बोर्डाचं पत्र आलंय. या खेपेला एक तर तुम्ही कायम, नाही तर घरी. मी तुमचा वैरी नाही, यमुनाबाई."

"मी माड घेईन. होडी घेईन. दहा शब्द घेईन."

"ते राम घेतील!"

यमुनाबाईंनी कठड्यावरचा पट उचलला, पदरानं पुसला (पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं) आणि वर्गात गेल्या. बंदराच्या बाजूला आगबोटीचा भोंगा झाला. नऊ वर्षांची सवय अशी की भोंगा झाला की त्यांची मान आपोआप खिडकीकडे वळायची. आजही वळली. मग त्यांनी ती परत फिरवली, चिडून, दुसऱ्याच कोणाची मान असावी तशी.

*

यमुनाबाईंच्या नवऱ्याचं नाव राम होतं. राम बाळाजी शिवलकर. गाव त्याला रामा म्हणे.

हे मी लिहिते आहे म्हणून एवढं सोपं झालं. यमुनाबाईंना हे वाक्य कधीच बोलता आलं नव्हतं. त्या मूळच्या मुरुडच्या. वडील जकातीच्या नाक्यावर शिपाई होते, आणि वेळ जाईना म्हणून लेकीला पावत्यांवरची अक्षरं ओळखायला शिकवत. बाराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं आणि त्या रत्नागिरीला बंदराशेजारी, खाडीच्या तोंडावरच्या या घरात आल्या. नवरा मचव्यावर, मग बोटीवर खलाशी. १९१९ सालच्या शिमग्याला पालखी नाचवून तो मुंबईला गेला, तिथून मोठ्या आगबोटीवर चढला. एक पत्र रंगूनहून आलं. एक एडनहून. तिसरं आलं नाही.

त्या तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. एक दिवस रडल्या, आठ दिवस वाट पाहिली, आणि नवव्या दिवशी मास्तरांकडे जाऊन म्हणाल्या, मला सातवीच्या परीक्षेला बसायचं आहे. हात रिकामे राहिले की त्यांना श्वास पुरत नसे. पोरांच्या रांगेत बसून त्या पास झाल्या, आणि मुलींच्या शाळेत तात्पुरत्या म्हणून लागल्या. ते तात्पुरतं नऊ वर्षं चाललं होतं. कपाळाचं कुंकू तेवढं कायम होतं.

नवऱ्याचं नाव बायकोनं घेऊ नये, घेतलं तर त्याचं आयुष्य तुटतं, हे त्या काळच्या बायकांना कोणी शिकवायला लागत नव्हतं. पण ज्यांचे नवरे दुपारी जेवायला घरी येत, त्यांच्यापुरता तो एक खेळ होता. मंगळागौरीला लाजायचं, नावात गोवून काहीतरी म्हणायचं, मैत्रिणींनी ढकलायचं. यमुनाबाईंच्या बाबतीत तो खेळ राहिला नव्हता. त्यांच्या सासूनं, तुळसाबाईनं, एकदा चुलीपाशी बसल्या बसल्या सांगून टाकलं होतं:

"समुद्रात काय होईल ते माझ्या हातात नाय गो. तुझ्या तोंडात हाय. तू नाव घेत नायस, तोवर तो कुठंतरी जिता हाय."

त्या दिवसापासून ती दोन अक्षरं त्यांनी दातांमागे धरून ठेवली होती. देवळात गेल्या तर म्हणायच्या 'सीतापती'. रामनवमीला घरीच राहायच्या. आणि शाळेत पट्टी हातात घ्यायच्या.

*

शुक्रवारी सकाळी त्या वर्गात आल्या त्या करवंट्यांची टोपली काखेत घेऊनच.

ही त्यांची स्वतःची रीत होती, ट्रेनिंगशिवायची. नारळ बरोबर मधोमध फोडायचा. एका अर्ध्या करवंटीवर खडूनं मूळ शब्द लिहायचा, दुसऱ्या अर्ध्यावर प्रत्यय. मग मुलींनी जोड्या लावायच्या. गंमत अशी की एका नारळाचं अर्धं दुसऱ्या नारळाच्या अर्ध्याला सहसा नीट बसत नाही. काठ आडवा येतो. म्हणून टोपलीत एक कानसही असे, होड्या बांधणाऱ्या सुताराकडून मागून आणलेली.

"राही, काय आलं तुझ्याकडे?"

"पाणी, बाई. आणि 'ला'."

"बसव."

राहीनं दोन्ही अर्धी एकमेकांवर दाबली, जीभ बाहेर काढून दाबली. "बसत नाय."

"का बसत नाही?"

"काठ आडवा येतो."

"मग?"

"घासायचा!" सगळा वर्ग ओरडला. राहीनं कानस फिरवली, करवंटीचा भुगा तिच्या परकरावर पडला, आणि ती घासता घासता पुटपुटत गेली, "पाणी... पाण्या... पाण्याला! बसलं!"

"चिमा, मासा?"

"मासाला!"

"घरी जा आणि आईला सांग, मासाला मीठ लाव. आई काय म्हणेल?"

"म्हणेल पोर येडी झाली." हशा पिकला. "माशाला, बाई, माशाला!"

"आता आई."

"आईला काय घासायलाच लागत नाय," गोदा म्हणाली. तिच्या दोन करवंट्या एकाच नारळाच्या निघाल्या होत्या. "आई तशीच बसते. आईला."

"माझी सासूपण तशीच," चिमा म्हणाली. बारा वर्षांची, गेल्या वैशाखात लग्न झालेली, अजून माहेरी होती. "सासूला. जराही झिजत नाय ती."

यमुनाबाई हसल्या. पण बसल्या नाहीत. त्या दिवशी त्या खुर्चीवर टेकल्याच नाहीत. फळ्यापासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत, आणि प्रत्येक फेरीला टोपलीतली एखादी करवंटी उचलून परत ठेवायच्या. मुली माना वळवून वळवून दमल्या.

"बाई," गोदानं शेवटी विचारलंच, "काल मास्तर माझ्या बाबांच्या नावावरून भांडत होते ना?"

"भांडत नव्हते. बोलत होते."

"माझी आईपण नाय घेत नाव. आई म्हणते, 'अहो गोदीचे बाबा'. तुम्ही तसंच वाचा ना हजेरीला. 'गोदा, गोदीचे बाबा, भाटकर.' मी हजर म्हणेन."

"आणि माझे सासरे विठू," चिमा म्हणाली. "मी देवळात 'पांडुरंग' म्हणते. चालतं देवाला."

"देवाला चालतं गो," राही म्हणाली. "दिपोटीला नाय चालत."

यमुनाबाईंनी टोपलीतली एक कोरी करवंटी उचलली. खडू हातात घेतला. 'रा' लिहिलं. मग अंगठ्यानं पुसलं, आणि अंगठा पांढरा झाला तो दिवसभर तसाच राहिला.

*

शनिवारी अर्धीच शाळा. घरी आल्या तर तुळसाबाई ओट्यावर कुळीथ निवडत बसली होती. सत्तरीला आलेली बाई, पण नजर अशी की सुपातला खडा तिला सुपाला हात लावण्याआधी दिसायचा.

"दिपोटी येतोय म्हणे सोमवारी."

"कोणी सांगितलं?"

"हौसा. ती मासळी घेऊन आली का बातमी आधी टाकते, बांगडे मागनं." तुळसाबाईनं सूप पाखडलं. "काय विचारतो तो?"

"विभक्ती विचारतो." यमुनाबाई चुलीपाशी गेल्या, भांड्यावरचं झाकण काढलं, ठेवलं, परत काढलं. "नाव घ्यायला लावणार आहे, आत्याबाई. तेच नाव. नाही घेतलं तर नोकरी गेली."

सूप थांबलं.

"तू काय करणार?"

"तुम्हीच सांगा."

"मी काय सांगू? मी सांगून झालंय." सूप पुन्हा चालू झालं, जरा जोरात. "बारा वरसं सांभाळलंस ते आता एका दिपोटीसाठी फोडणार? नोकरी काय, आपण बंदरावर खोपी घालू, सुकट विकू. पोरगा माझा येईल तेव्हा त्याला काय तोंड दाखवणार तू? 'तुमचा जीव मी करवंटीत घालून सायबाला दाखवला', असं?"

त्या बोलण्यातलं काहीतरी यमुनाबाईंच्या कानाला खरवडून गेलं, आणि काय ते त्यांना कळेना. त्या कळशी घेऊन विहिरीवर गेल्या, कळशी भरली, ओतली, परत भरली. वाटेत थबकल्या.

'पोरगा माझा.'

पूर्वी म्हातारी असं म्हणत नसे. आईला काय बंदी? पहिली सहा वर्षं ती दर आगबोटीला धक्क्यावर जाऊन उभी राहायची, उतरणाऱ्या खलाशांच्या बाह्या धरायची: "माझ्या रामाला पाहिलात काय हो? रामा शिवलकर?" सगळं बंदर तिच्या हाकांना ओळखत होतं. टवाळ पोरं तिची नक्कल करायची. घरातही तेच. रामाला कुळथाचं पिठलं आवडतं, रामाचा जेवायचा पाट हलवू नको, रामा आला की छपराचं बघू. यमुनाबाई ते नाव दिवसातून वीसदा ऐकायच्या आणि त्यावरच जगायच्या. आपल्याला बोलता येत नाही, पण ते घरात आहे.

मग कधी थांबलं? म्हातारी धक्क्यावर जायची थांबली, म्हणाली गुडघे दुखतात. ते खरंही होतं. पण गुडघ्यांचा जिभेशी काय संबंध?

त्या परत आल्या. कळशी ठेवली. सहज विचारावं तसं विचारलं:

"आत्याबाई, लहानपणी काय हाक मारायच्यात हो तुम्ही त्यांना?"

"मारायची ती मारायची," तुळसाबाई म्हणाली. "दूध उतू जातंय बघ."

चुलीवर दूध नव्हतं.

*

रविवारी त्या किनाऱ्यावर गेल्या. ओहोटी होती, माणूस नव्हतं, म्हणजे यमुनाबाईंना वाटलं की नव्हतं. ओल्या वाळूत उभ्या राहून त्यांनी तोंड उघडलं.

आधी नुसते प्रत्यय म्हटले. ला. ने. हून. चा. ते सहज येत होते, शेपट्या हालाव्यात तसे. मग 'रा'. रा येत होता. रांजण, रात, राही, राख. रा पर्यंत काही हरकत नव्हती. त्यापुढे ओठ मिटायला हवे होते, आणि ओठ मिटत नव्हते.

"काय गो यमुनाबाय, वारा खातेस?"

मागे हौसा उभी होती, डोक्यावर रिकामी पाटी. यमुनाबाई दचकल्या.

"पाठ करत होते."

"समोर कोण? खेकडे?" हौसानं पाटी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसली. "मला म्हातारीनं सांगितलं. ऐक, मी माझ्या दादल्याला रोज शिव्या घालते. मुडद्या म्हणते, जळ्या म्हणते, समुद्रात जा म्हणते. नाव तेवढं घेत नाय. तरी बघ, मेला नाय मेला. रोज रात्री माडी पिऊन बरोब्बर घरी! म्हंजे शिव्यांनी मरत नाय आणि नावानं मरतो? देवाचा काय तरी हिशेब चुकलाय."

"तू घेशील का नाव? माझ्या जागी?"

हौसा हसायची थांबली. वाळूत बोटानं रेघ ओढत म्हणाली, "नाय बाय. उगाच कशाला?"

"हौसा, तो भागोजी आला होता, आठवतो? ह्यांच्या बोटीवरचा?"

"न आठवायला काय! सहा वर्सं झाली. शिमग्याचीच बोट. धक्क्यावर उतरला तो सरळ तुमच्याच घरी गेला. मी म्हटलं, घे की एक पापलेट. घेतलं नाय. तोंड हे एवढं. परतीच्या बोटीनं गेला तो गेलाच."

"मी शाळेत होते. आत्याबाई म्हणाल्या, खुशाली विचारून गेला."

"असेल," हौसा म्हणाली, आणि लगेच उठली. "पाणी चढतंय गो. चल."

पाणी चढायला अजून बराच वेळ होता. यमुनाबाईंना आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती आठवली तशा त्या भरभर चालायला लागल्या, कुठे जायचं हे न ठरवता. भागोजी आला त्याच्या आदल्याच महिन्यात मुरुडहून त्यांचा भाऊ महिपत आला होता. म्हणाला होता, दावणीला किती दिवस राहशील, नवरा गेला असं कळलं तर आपल्यात पाट लावता येतो, दुसरं लग्न करता येतं, स्थळ आहे, दापोलीला आंब्याची बाग आहे त्याची. तुळसाबाई दारात आडवी उभी राहिली होती. "जित्या नवऱ्याच्या बायकोला पाट? कळू दे आधी गेला म्हणून, मग ने." महिपत कळण्याची वाट पाहत परत गेला. कळलं काहीच नाही.

*

सोमवारी दिपोटी आले ते छकड्यातून, लाल धूळ आणि सर्दी घेऊन. दर दोन वाक्यांना रुमाल नाकाला लावायचे. माणूस वाईट नव्हता. मुलींच्या परकरांवरचा करवंट्यांचा भुगा बघून विचारलं, "हे काय, सुतारकाम?" आणि राहीनं पाण्याला 'ला' बसवून दाखवल्यावर स्वतः एक करवंटी हातात घेऊन काठावर बोट फिरवलं. मग फळ्याकडे वळले. मोठ्या वळणदार अक्षरात लिहिलं: राम. खडू ठेवला.

"हं. बाई, तुम्ही सांगा. मुली मागून म्हणतील."

बाबूमास्तर दाराशी उभे होते. त्यांनी जमिनीकडे पाहिलं.

यमुनाबाईंनी पट्टी उचलली.

"पट्टी राहू द्या. तोंडी."

ओसरीवर कोंबडी चालत होती तिची नखं ऐकू आली. सगळ्या मुलींना माहीत होतं. बंदरावर कोणाला माहीत नव्हतं? गोदा ताडकन उठली.

"राम!" ती ओरडली. "प्रथमा! राम!"

"रामास, रामाला!" चिमा उठली.

"रामाने, रामाशी!" राही. आणि मग सगळा वर्ग उभा राहिला, कोणाची कुठली विभक्ती याचा पत्ता नाही, नुसता गलका. बाईंच्या पुढे आवाजांचं कुंपणच घातलं त्यांनी.

"बसा, बसा! मी मुलींना नाही विचारलं." दिपोटींनी रुमाल खाली घेतला. त्यांना काहीतरी विचित्र वाटलं असावं, कारण आवाज नरम झाला. "बाई, येत नसेल तर तसं सांगा."

येत नसेल तर! नऊ वर्षं. राग होता की भीती, यमुनाबाईंना तेव्हा सांगता आलं नसतं. एवढंच वाटलं की तीन दिवस आपण चालतो आहोत आणि आता चालायला पुढे जागा उरलेली नाही.

"राम," त्या म्हणाल्या.

ओठ मिटले. उघडले. तोंडात खडूची चव होती.

"रामास, रामाला. रामाने, रामाशी." आवाज कापत नव्हता. "रामाहून. रामाचा, रामाची, रामाचे. रामात. संबोधन, रामा."

मुली मागून म्हणत होत्या, पण हळू, देवळात म्हणावं तशा. कौलं जागेवर होती. खिडकीतून समुद्र दिसत होता, जागेवर. कुठे काही मोडलं नाही, आणि तेच यमुनाबाईंच्या काळजात टोचलं. एवढं जपलेलं फुटल्यावर आवाज तरी व्हायला हवा होता. कदाचित ते आज फुटलंच नव्हतं. आधीच, त्यांच्या पाठीमागे, केव्हातरी फुटून गेलं होतं.

"'राम'चं 'रामा' का होतं? हे सांगा मुलींना."

त्यांनी एक करवंटी घेतली, तिच्यावर ते नाव लिहिलं, पुरतं लिहिलं, काठ घासला आणि 'ला' बसवून दाखवलं. दिपोटींनी टिपणवहीत काहीतरी लिहिलं, शिंकले आणि म्हणाले, "ठीक. उत्तम. हे सुतारकाम चालू ठेवा."

दुपारची हजेरी त्यांनी स्वतः घेतली. "गोदा रामा भाटकर."

"हजर, बाई!" गोदा एवढ्यानं ओरडली की बाहेर छकड्याचा बैल बिचकला.

शाळा सुटल्यावर बाबूमास्तर ओसरीवर आडवे आले. घसा खाकरला. पागोटं सारखं केलं.

"दमयंती," ते म्हणाले.

"कोण?"

"मंडळींचं नाव. विचारलं होतंत त्या दिवशी." आणि मग घाईघाईनं, "कायम होणार तुम्ही. साहेब बोलून गेले. घरी सांगा, म्हातारीला बरं वाटेल."

*

म्हातारीला बातमी आधीच पोचली होती. हौसाच्या पाटीला पाय असतात.

तुळसाबाई ओट्यावर उभी होती. पोत्यावर बसली नव्हती, सूप हातात नव्हतं. यमुनाबाई पायरीशी थांबल्या. टोपली काखेतच होती.

"घेतलंस?"

"घेतलं."

"सगळ्यांसमोर?"

"साहेबांसमोर, मास्तरांसमोर, मुलींसमोर. आठी विभक्त्यांत घेतलं, आत्याबाई."

"मारलंस गो त्याला," तुळसाबाई म्हणाली. पण जसं म्हणायला हवं होतं तसं ते निघालं नाही. पाठ केलेलं निघालं, चौथीतल्या पोरीनं दिपोटीपुढे म्हणावं तसं. दोघींनाही ते ऐकू आलं.

यमुनाबाई ओट्यावर चढल्या. टोपली खाली ठेवली. त्यातली एक करवंटी काढून सासूच्या पुढे धरली. पांढऱ्या खडूत ते नाव होतं.

"माझं झालं. आता तुम्ही घ्या."

"मला वाचता येत नाय."

"वाचू नका. हाक मारा. पूर्वी मारायच्यात तशी. धक्क्यावर उभं राहून मारायच्यात. आईला बंदी नसते."

तुळसाबाईचे ओठ हलले. तिनं करवंटीकडे पाहिलं, मग दाराकडे, मग त्या पाटाकडे, जो बारा वर्षं भिंतीला टेकवून ठेवला होता आणि दर शिमग्याला पुसला जायचा.

"गुडघे दुखतायत माझे," ती म्हणाली.

"उभं राहायला नाही सांगत मी. बसून घ्या." यमुनाबाईंचा आवाज आता मात्र कापायला लागला होता, वर्गात राहून गेलेलं सगळं कापणं एकदम आलं होतं. "सहा वर्षं तुमच्या तोंडून ते नाव आलेलं नाही. मी तीन दिवस आठवते आहे. एकदाही नाही. आत्याबाई, मी कुठे जात नाही. महिपतदादाबरोबर जात नाही, दापोलीच्या बागेत जात नाही, शाळा इथे आहे माझी, आता कायम आहे. तुम्हाला टाकून जाणार नाही. फक्त एवढं सांगा. त्या शिमग्याला भागोजी काय सांगून गेला?"

शेजारच्या अंगणात कोणीतरी नारळ सोलत होतं. सुळावरच्या एकेका फटक्याला वरचं सोडण फाटल्याचा आवाज येत होता.

"आत्याबाई, ते आहेत की नाहीत?"

पाण्याला जायचं असल्यासारखी तुळसाबाईनं वाकून कोपऱ्यातली कळशी उचलली. ती भरलेली होती. तिनं ती तशीच, भरलेली, कमरेवर घेतली, पाणी हिंदकळून लुगड्यावर सांडलं, करवंटीवर सांडलं, खडूवरून ओघळ गेला. ती थांबली नाही. पायऱ्या उतरली, सुनेकडे एकदाही न बघता अंगण ओलांडलं, आणि विहिरीच्या उलट्या दिशेला, भागोजी येऊन गेल्यापासून जिथे पाऊल टाकलं नव्हतं त्या धक्क्याच्या वाटेनं चालायला लागली.